मुलाला ऐकू येत नाही, तर घराने हातांनी बोलायला कसं शिकावं

आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘बाबा’, ‘पापा’, ‘मामा’ म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. प, ब, भ, म ओठांवर एकच दिसतात आणि क, ख, ग, घ तर तोंडाच्या आत मागे तयार होतात, ते बाहेर दिसतच नाहीत. म्हणून ‘ओठ बघून कळतं त्याला’ या भरवशावर राहू नये. मूल चार शब्द पकडतं, उरलेले अंदाजाने भरतं आणि मान डोलावतं. घरातल्यांना वाटतं, समजलं.

पूर्ण दिसणारी भाषा म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा. बहुतेक बहिरी मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे घराला ती मुलाच्या बरोबरीनेच शिकावी लागते. थांबायचं कशासाठीच नाही. जन्मानंतर १ महिन्याच्या आत कानाची प्राथमिक तपासणी, ३ महिन्यांपर्यंत निदान, ६ महिन्यांपर्यंत उपाय सुरू, असा जगभर मानला जाणारा क्रम आहे. बेरा चाचणीची (आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते मोजणाऱ्या तपासणीची) तारीख मिळेपर्यंत, श्रवणयंत्र येईपर्यंत, कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राचा) निर्णय होईपर्यंत हात मोकळेच असतात. ‘खुणा शिकवल्या तर बोलायचा नाही’ ही भीती सोडून द्या, खुणांमुळे बोलणं अडत नाही. शिवाय यंत्र आंघोळीला, समुद्रावर आणि झोपताना काढावंच लागतं. गोव्याच्या पावसाळ्यात तर मोल्डच्या (कानात बसणाऱ्या साच्याच्या) नळीत बाष्पाचे थेंब साचून आवाज पोहोचतच नाही. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा, सकाळी नळी उजेडात धरून बघा. तरीही अशा दिवसांत मूल गप्प बसता कामा नये.

आणि ‘मुका’ हा शब्द घरातून हद्दपार करा. गळा ठणठणीत असतो.

आधी उजेड

सांकेतिक भाषेत उजेड म्हणजे आवाज. गोव्यातल्या जुन्या घरांत आत अंधार आणि बाल्कांवाच्या (पुढच्या ओसरीच्या) दारातून लख्ख ऊन अशी रचना असते. त्या दाराकडे पाठ करून तुम्ही बोललात तर मुलाला तुमची फक्त काळी आकृती दिसते. दार किंवा खिडकी मुलाच्या पाठीशी हवी आणि उजेड तुमच्या तोंडावर. खुणा कपाळापासून कमरेपर्यंत, दोन्ही खांद्यांच्या थोड्या बाहेरपर्यंतच्या जागेत करायच्या. त्यापेक्षा खाली गेलेले हात नजरेतून सुटतात. अंगावर एकरंगी कपडे बरे, फुलाफुलांच्या गाऊनवर बोटं हरवतात. मिशी ओठांवर येत असेल तर कापा.

पावसाळ्यात वीज जाते. ‘लायट गेली’ की बहिऱ्या मुलासाठी बोलणंही जातं, ही गोष्ट घरात कुणाच्या लक्षात येत नाही. चार्जिंगचा दिवा भिंतीवर साधारण तुमच्या डोक्याच्या उंचीवर टांगा, झोत बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि हातांवर येईल असा. टॉर्च मुलाच्या डोळ्यांत मारू नका. अगदी काळोखात मुलाचा हात तुमच्या हातावर ठेवून ओळखीच्या चार-पाच खुणा करता येतात: झोप, आई आहे, पाणी, थांब. हे आधी उजेडात खेळासारखं करून ठेवा.

लक्ष वेधणं

नजर मिळाल्याशिवाय एकही खूण करू नका. बघत नसलेल्या मुलासमोर हात हलवणं म्हणजे रिकाम्या खोलीत बोलणं. खांद्यावर दोन हलके ठोके द्या, डोक्यावर कधीच नाही, आणि हनुवटी धरून तोंड वळवूही नका. दूर असेल तर त्याच्या नजरेच्या टप्प्यात हात हलवा. जमिनीवर पाय आपटण्याची युक्ती लाकडी माडीवर चालते. जमिनीलगतच्या टाइल्सवर कंप पोहोचत नाही, तिथे मूल बसलंय ते टेबल थोपटा. खोलीतला दिवा एकदाच बंद-चालू केला तर हाक आणि भरभर केला तर धोका, असा घरचा नियम ठरवून टाका. उगाच दिव्याशी खेळलात तर धोक्याच्या वेळी कुणी वळून बघणार नाही.

लहान बाळाच्या बाबतीत खरी अडचण वेगळी आहे. ऐकणारं बाळ मांजर बघता बघता ‘मांजर’ हा शब्द ऐकतं. बहिऱ्या बाळाला मांजर आणि खूण एकाच डोळ्यांनी, एकापाठोपाठ एक बघावी लागतात. म्हणून क्रम असा: खूण करा, वस्तूकडे बोट दाखवा, बाळाला हवं तेवढं बघू द्या, नजर परत तुमच्याकडे आली की पुन्हा तीच खूण. यातलं ‘बघू द्या’ हेच घाईत राहून जातं. नाहीतर खूणच वस्तूजवळ न्या, किंवा बाळाच्या अंगावर करा. मुलगा मूठ आणि उघडा पंजा यांतच सगळ्या खुणा करतो म्हणून दुरुस्त करत बसू नका. ऐकणारं मूल पाण्याला ‘पापा’ म्हणतं, त्यातलाच हा प्रकार. तुम्ही बरोबर खूण करत राहा.

कुठल्या खुणा, किती

पहिल्या आठवड्यात दहा: आई, बाबा, दूध, पाणी, जेव, झोप, आणखी, संपलं, ये, नको. पुढे दर आठवड्याला पाच-सहा. सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे नुसती नामं पाठ करणं, भाज्या, प्राणी, रंग. त्यांतून वाक्य होत नाही. तीन नामांमागे दोन क्रियापदं असा हिशोब ठेवा. काही खुणा इथल्याच अंगणातल्या वाटतात: बाईसाठी नाकपुडीवर चमकीच्या जागी बोट, पुरुषासाठी मिशी.

खुणा मनाने रचू नका. दिल्लीत २०१५ साली सुरू झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश २०२१ मध्ये १०,००० शब्दांवर पोहोचला. त्यांचं ‘साइन लर्न’ अ‍ॅपही आहे. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या या केंद्र सरकारच्या शैक्षणिक उपक्रमाची ३१ क्रमांकाची टीव्ही वाहिनी सांकेतिक भाषेसाठी आहे. मात्र शब्दकोशातली खूण आणि मुलाच्या शाळेतली खूण वेगळी निघाली तर शाळेतली घ्या. व्याकरण देशभर बरंचसं सारखं आहे, शब्द गावोगाव बदलतात. व्हिडिओपेक्षाही मोलाचा बहिरा मोठा माणूस. आठवड्यातून एक तास तो घरी आला तर मुलाला भाषा मिळते आणि मोठं झाल्यावर आपण कसे असू, याचं उत्तरही. मोठी बहिरी माणसं कधी न दिसलेल्या काही मुलांना वाटतं, मोठं झाल्यावर आपल्याला ऐकू यायला लागेल.

व्याकरण चेहऱ्यावर असतं

मराठी माणसाला एक सोय आहे: कर्ता, कर्म, मग क्रियापद हा क्रम दोन्हीकडे सारखा. फरक प्रश्नात. ‘तू कुठे जातोस?’ याचं खुणांत ‘तू जाणे कुठे’ होतं, प्रश्नाची खूण शेवटी येते. नकारही शेवटी. वेळ आधी सांगायची: ‘उद्या आई म्हापसा बाजार जाणे’. मराठी वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला, प्रत्यय-बित्यय धरून, एकेक खूण लावत गेलात तर हात थकतात आणि अर्थ पोहोचत नाही.

हो-नाही उत्तराच्या प्रश्नाला भुवया वर, डोळे किंचित मोठे, डोकं थोडं पुढे. हे केलं नाही तर ‘जेवलास?’ हे ‘जेवलास’ होतं आणि मूल उत्तर देत नाही. मग आपण म्हणतो, लक्षच देत नाही. कोऱ्या चेहऱ्याने खुणा करणं म्हणजे एकसुरात बोलणं. मोठ्यांना चेहरा हलवायची लाज वाटते, ती आठवडाभरात जाते.

दुसरी चूक दिशेची. देणे, सांगणे, विचारणे या खुणा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातात. व्हिडिओत ‘देणे’ पुढच्या दिशेने दिसलं म्हणून नेहमी तसंच केलं, तर ‘आजीने तुला दिलं’ याचं ‘मी तुला दिलं’ होतं. आजी समोर नसेल तर आधी हवेत एक जागा दाखवून ती आजीची ठरवा, मग तिथून मुलाकडे हात आणा.

डिचोली की बिचोली

नावं बोटांनी अक्षरं करून सांगतात. प्रचलित वर्णमाला इंग्रजी अक्षरांची, बहुतेक दोन्ही हातांनी करायची. गोव्यात इथे गंमत होते. घरात आपण म्हणतो फोंडा, पण रोमन पाटीवर पहिलं अक्षर ‘पी’. डिचोलीचं पहिलं अक्षर ‘बी’, साखळीच्या मधोमध ‘क्यू’, पेडणेच्या शेवटी ‘एम’. मुलाला कदंब बसची पाटी वाचायची आहे, म्हणून बोटांनी पाटीवरचं स्पेलिंगच करा आणि शेजारी देवनागरी नाव लिहून दाखवा. दोन रूपं एकाच गावाची हे सांगितलं नाही तर मूल ती दोन गावं समजतं. सावकाश करा, पण अक्षरागणिक हात झटकू नका. हात एका जागी स्थिर हवा.

माणसांना अक्षरांऐवजी खूणनाव असतं: गालावरची खळी, चष्मा, एखादी लकब. ते बहिऱ्या माणसांनी ठेवलेलं असावं असा संकेत आहे.

ताटावर आणि चवथीला

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजतो. ऐकणाऱ्या मुलाला न सांगता कळतं की पाव आले. बहिरं मूल बघतं की आई अचानक पिशवी घेऊन बाहेर पळाली. दिवसभर हेच चालतं: कुकरची शिट्टी, फोन, शेजारचा कुत्रा. प्रत्येक आवाजाची बातमी द्या. कानाकडे बोट, ‘पोदेर आला’, मग उठा. पाच सेकंद लागतात. कारण आणि परिणाम यांचं नातं मूल यातूनच शिकतं.

जेवताना मुलाला कोपऱ्यात नको, सगळ्यांची तोंडं दिसतील तिथे बसवा. एका वेळी एकानेच बोलायचं, बोलण्याआधी हात वर करायचा. तोंडात घास आणि हात आमटीत असताना खुणा होत नाहीत, तेव्हा जेवण लांबेल हे धरून चाला. सगळे हसले आणि मुलाने ‘काय?’ विचारलं, तर ‘काही नाही’ किंवा ‘नंतर सांगते’ ही दोन उत्तरं बंद. जो हसला त्याने तिथल्या तिथे सांगायचं, विनोद फिका पडला तरी.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी तीस-चाळीस माणसं जमतात. आठ दिवस आधी प्रत्येकाचा फोटो, नातं आणि खूणनाव असलेली वही करा. मुलाबरोबर बघा आणि भावंडांनाही दहा खुणा शिकवा. गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधताना मुलाला हाताशी घ्या, एकेक फळ बांधताना त्याची खूण, त्याचं नाव. आरतीच्या वेळी घुमट या मातीच्या वाद्याच्या मडक्यावर तळहात ठेवू द्या, ताल हाताला लागतो. ‘बघा, ऐकू येतंय त्याला!’ असं मात्र कुणी ओरडू नये.

शाळा, कागद, दवाखाना

ढवळीला लोकविश्वास प्रतिष्ठान, जुने गोव्यात सेंट झेवियर्स अकादमी, पर्वरीला संजय सेंटर अशा विशेष शिक्षणाच्या संस्था आहेत. कुठेही गेलात तरी फी विचारण्याआधी तीन गोष्टी बघा: शिक्षकांत कुणी बहिरं आहे का, वर्गात खुणांना मुभा आहे का, आणि मधल्या सुट्टीत मुलांचे हात किती चालतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांची हानी ७० डेसिबल असेल तर बधिर आणि ६० ते ७० असेल तर श्रवणक्षीण अशी व्याख्या आहे. ऑडिओग्रामच्या प्रती जपून ठेवा आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात किंवा कुठल्याही डॉक्टरकडे जाताना मोठ्या बहिणीला दुभाषी म्हणून उभं करू नका. तिला वाईट बातमी सांगता येत नाही, ती गाळते. प्रशिक्षित दुभाषी आला तर त्याला डॉक्टरच्या बाजूला, किंचित मागे बसवा, म्हणजे मुलाला दोघेही एका नजरेत दिसतात. डॉक्टरांनी मुलाकडे बघून बोलायचं, दुभाष्याकडे नाही. मास्क असेल तर तेवढ्यापुरता पारदर्शक मागा, नाहीतर अर्धा चेहरा, म्हणजे अर्धं व्याकरण, झाकलेलं राहतं.