व्हॅलेंटाइन डेचा गुलाब संध्याकाळपर्यंत ताठ कसा ठेवावा

७ फेब्रुवारीच्या रोझ डेपासून इंदुरात गुलाबाचा भाव चढू लागतो आणि १४ तारखेला तो शिखर गाठतो; तरीही त्या दिवशी संध्याकाळी राजवाड्याच्या आसपास मान टाकलेले गुलाब घेऊन उभी असलेली मंडळी हमखास दिसतात. दोष फुलवाल्याला दिला जातो, पण फूल बहुधा पाण्यावाचून मान टाकते. म्हणून चमकीचा कागद आणि रिबिनी यांचा विचार नंतर करावा.

गुलाब १३ तारखेला संध्याकाळी घ्यावा. कळीचा खालचा भाग दोन बोटांत हलकेच दाबून पाहावा. तो घट्ट लागला आणि वरच्या पाकळ्या नुकत्याच सुटू लागलेल्या असल्या, तर फूल योग्य आहे. अगदी मिटलेली कळी जास्त टिकते हा समज चुकीचा आहे, कारण अशी कळी पुष्कळदा न उमलताच वाकते. बाहेरच्या एक-दोन हिरवट, ओबडधोबड पाकळ्या पाहून नाक मुरडू नये. त्या आतल्या पाकळ्यांचे रक्षण करतात, आणि त्या आधीच खुडलेल्या असतील तर शिळे फूल ताजे भासवले जात असण्याची शंका घ्यावी.

खरी कसोटी घरी आल्यावर लागते आणि मलाही सर्वांत जास्त झगडावे लागले ते इथेच. दांडी कोरडी राहिली की कापलेल्या टोकातून तिच्या बारीक नलिकांत हवा शिरते. मग फूल बादलीभर पाण्यात उभे केले तरी ते पाणी कळीपर्यंत चढत नाही आणि कळीखालचा मऊ भाग सर्वांत आधी झुकतो. यावर उपाय एकच. दांडीचे टोक पाण्याने भरलेल्या परातीत बुडवून, पाण्याखालीच, धारदार पात्याने दोन-तीन सेंटिमीटर तिरके कापावे. बोथट कात्री वापरू नये, कारण ती दांडी चिरडते आणि नलिका पुन्हा बंद होतात. त्यानंतर जी पाने पाण्यात बुडणार असतील ती काढून टाकावीत, परंतु काटे ओरबाडून काढू नयेत. साल सोलली गेली की त्या जखमांतून जंतू शिरतात.

आता सगळी फुले वर्तमानपत्रात माना सरळ राहतील अशी घट्ट गुंडाळून खोल, कोमट पाण्यात उभी करावीत आणि रात्रभर थंड, अंधाऱ्या खोलीत ठेवावीत. नळाला येणारे नर्मदेचे पाणी पुरेसे आहे. भांडे मात्र साबणाने घासलेले हवे. तांब्याचे नाणे, डोकेदुखीची गोळी, चमचाभर साखर हे सल्ले मी ऐकून ऐकून कंटाळलो आहे. नुसती साखर तर जंतूंचेच पोट भरते. फुलवाल्याने खाद्याची पुडी दिली तर ती वापरावी, नाहीतर रोज पाणी बदलावे. फुले केळी किंवा सफरचंदांच्या टोपलीजवळ ठेवू नयेत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाकळ्या लवकर गळतात. फळे-भाज्यांनी भरलेला घरचा फ्रिजही याच कारणासाठी वर्ज्य समजावा.

इतके करूनही सकाळी एखाद्या फुलाने मान टाकलेली असेल, तर दांडी पुन्हा पाण्याखाली कापून ते फूल दांडीसकट तासभर टबात आडवे बुडवून ठेवावे. बहुतेक फुले सावरतात. जे सावरत नाही ते खुशाल बाजूला काढावे. एक ताठ गुलाब डझनभर मलूल गुलाबांपेक्षा शोभतो, हे माझे ठाम मत आहे.

बुके बांधणे सोपे आहे: दांड्या सुतळीने सैल बांधून टोकांना ओला कापूस गुंडाळावा. सेलोफेन टाळावे, कारण दुपारच्या उन्हात त्याच्या आत वाफ धरते. स्कूटरवरून नेताना फुले कागदात झाकावीत, म्हणजे वारा लागत नाही. रात्री सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत, भुट्ट्याचा (मक्याचा) कीस खायला जाण्याचा बेत असेल, तर फुले आधी द्यावीत आणि ती घरी पाण्यात ठेवूनच निघावे. तिथल्या कढयांची धग आणि गर्दीचे धक्के गुलाबाला मानवत नाहीत.

दोन दिवसांनी दांडी पुन्हा थोडी कापावी. फुले सुकल्यावर त्यांच्या पाकळ्यांचा गुलकंद करण्याचा मोह मात्र आवरावा. गुलकंदाला सुवासिक गावठी गुलाब लागतो, आणि बुकेच्या गुलाबांवर कीटकनाशकांची फवारणी झालेली असते.