मिरामारच्या पुळणीवर वीस मिनिटांची धाप

पहाटे मिरामारला अर्धी पणजी चालायला येते आणि चालता चालता गप्पाही मारते. गप्पा जमत असतील तर तो व्यायाम मध्यम. हाय-इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंगच्या जोराच्या टप्प्यात दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत नाही. थोडा वेळ जीव खाऊन पळायचं, दम परतेपर्यंत सावकाश चालायचं, पुन्हा पळायचं.

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मग भरती-ओहोटीची वेळ बघा. ओहोटीला पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते; वरच्या भुसभुशीत वाळूत पाय रुततात, नवख्याच्या पोटऱ्या धरतात. बूट घालाच. अनवाणी पळायची माझी हौस एका शिंपल्याने फेडली.

पाच-सात मिनिटं भराभर चालून अंग गरम करा. नंतर ३० सेकंद जोरात पळा, ९० सेकंद चाला. पहिल्या आठवड्यात अशा ४ फेऱ्या पुरे. महिनाभरात ८ पर्यंत जा. पहिल्याच फेरीत सगळा जोर उधळू नका. शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेगात व्हायला हवी. रडतखडत झाली तर चालण्याचा वेळ वाढवा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. घाईने विश्रांती कापतात आणि सगळ्याचं नुसतं जॉगिंग होऊन बसतं.

गुडघे कुरकुरत असतील तर पणजीतल्या आल्तिनो टेकडीचा चढ झपाझप चढा, सावकाश उतरा.

आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. मध्ये एक दिवस सोडून. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, म्हणून मे महिन्यात ऊन चढण्याआधी आटपा आणि एक-दोन फेऱ्या कमीच करा.

फायदा मुख्यतः दमाचा: शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढते, इन्सुलिनही नीट काम करू लागतं, तेही थोडक्या वेळात. ‘नंतर दिवसभर चरबी जळते’ हे मात्र फार मनावर घेऊ नका. तो जादा खर्च एक-दोन पोयांच्या (आपल्या गोव्याच्या पावांच्या) वर जात नाही. आणि जिममधल्या ‘टाबाटा’चं म्हणाल, तर जपानी संशोधक इझुमी टाबाटा यांच्या १९९६ च्या प्रयोगात २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती घेणारे तरुण खेळाडू होते, तेही सायकलवर. ते पहिल्या दिवशी करायचं काम नव्हे.

छातीत दुखलं, भोवळ आली तर तिथेच थांबा. एरवी मात्र शेवटच्या फेरीनंतर एकदम थांबू नका. रक्त पायात साचून गरगरतं. कला अकादमीच्या दिशेने पाच मिनिटं रमतगमत चाला.