फॅस प्रथिनावरचं पामिटेट कसं तपासायचं

फॅस हे पेशीला मरणाचा संकेत देणारं ग्राही प्रथिन. मानवी फॅसच्या १९९व्या सिस्टीनला (हे एक अमिनो आम्ल) पामिटेट हे मेदाम्ल जोडलेलं असलं की हा ग्राही पेशीपटलाच्या लिपिड राफ्टमध्ये (कोलेस्टेरॉलने भरलेल्या तुकड्यांत) जमतो आणि कॅस्पेज-८ या पेशी मारणाऱ्या एन्झाइमला कामाला लावणारा मृत्यूचा संकेत जोरात पोचतो. पामिटेट आहे की नाही, हे अ‍ॅसिल-बायोटिन एक्स्चेंजने, म्हणजे पामिटेट काढून त्या जागी बायोटिनची खूण लावून, दिसतं. किरणोत्सारी रसायन लागत नाही.

जुरकॅट पेशींचं (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी टी-पेशी) साधारण १ मिलिग्रॅम प्रथिन घ्या. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) मोकळे सिस्टीन बंद करणारं ५० मिलिमोलर एन-इथाइलमॅलेइमाइड हवंच. ते त्याच दिवशी इथेनॉलमध्ये विरघळवा, पाण्यात टिकत नाही. नमुना ४ अंशांवर रात्रभर फिरत ठेवा. मोकळे सिस्टीन इथेच बंद झाले पाहिजेत, नाहीतर पुढे भलतीच प्रथिनं पामिटेटवाली दिसतात. मग क्लोरोफॉर्म-मेथॅनॉलने तीनदा अवक्षेपण करा. इथे कंटाळा केला तर उरलेलं मॅलेइमाइड नंतर मोकळे होणारे सिस्टीनही गिळतं आणि ब्लॉट (प्रतिपिंडाने प्रथिनाची पट्टी दाखवणारा पडदा) कोरा येतो.

गोळा ४ टक्के एसडीएस या डिटर्जंटमध्ये विरघळवून त्याचे दोन समान भाग करा. एकात ०.७ मोलर हायड्रॉक्सिलअमाइन, पीएच ७.४; दुसऱ्यात त्याऐवजी नुसतं ट्रिस बफर. हायड्रॉक्सिलअमाइन पामिटेट तोडून सिस्टीन मोकळं करतं, ट्रिस करत नाही, म्हणून तो तुलनेचा भाग. दोन्हींत मोकळ्या सिस्टीनला बायोटिन लावणारं १ मिलिमोलर बायोटिन-एचपीडीपी, तासभर, २५ अंशांवर. हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड आम्लधर्मी असतं, म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच जुळवूनच वापरा. मुंबईच्या पावसाळ्यात त्याची उघडी बाटली पाणी ओढते आणि वजन चुकतं. डेसिकेटरमधून काढून लगेच तोला. मे महिन्यात एसी बंद असेल तर ‘रूम टेंपरेचर’वर विसंबू नका, हीट ब्लॉक २५वर लावा.

पुन्हा अवक्षेपण, एसडीएस ०.१ टक्क्यापर्यंत पातळ, मग बायोटिनला पकडणारे स्ट्रेप्टाव्हिडिन बीड्स. बायोटिन डायसल्फाइड बंधाने लागलेलं असतं, त्यामुळे हा बंध तोडणाऱ्या डीटीटीचा इथवर थेंबही नको. शेवटी १ टक्का बीटा-मर्कॅप्टोइथेनॉलने ३७ अंशांवर १५ मिनिटांत प्रथिन सोडवा आणि ब्लॉट करा. कॅल्नेक्सिन पामिटेटवालंच असतं, खात्रीसाठी तेही तपासा.

ट्रिसच्या लेनमध्येही फॅसची पट्टी तितकीच ठळक असेल तर तो निकाल टाकून द्या. पामिटेट जोडणाऱ्या एन्झाइमांना अडवणाऱ्या २-ब्रोमोपामिटेटने पट्टी गेली, एवढा पुरावा आमच्या मते पुरेसा नाही. ते इतर एन्झाइमांनाही अडवतं. १९९वं सिस्टीन बदललेला फॅस शेजारच्या लेनमध्ये चालवा.

बिड या पेशीमृत्यूतल्या दुसऱ्या प्रथिनासाठी ही पद्धत वापरू नका. कॅस्पेज-८ने कापल्यावर उघड्या पडलेल्या ग्लायसीनला मिरिस्टेट हे दुसरं मेदाम्ल अमाइड बंधाने जोडलं जातं आणि तो बंध हायड्रॉक्सिलअमाइनला दाद देत नाही. तिथे अल्काइन असलेलं मिरिस्टेट पेशींना देऊन क्लिक अभिक्रियाच (अल्काइनला खूण जोडणारी) करावी लागते.