बीपीडी असताना थेरपीतून भावना सांभाळायला कसं शिकायचं

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (बीपीडी, म्हणजे भावना आणि नाती पटकन टोकाला जातात असा मानसिक आजार) असलेल्या माणसाला आयुष्यभर सगळ्यात जास्त ऐकायला मिळणारं वाक्य म्हणजे "जरा शांत हो ना". पण शांत व्हायचं कसं हे कोणी सांगत नाही. मला ते थेरपीत पायरी पायरीने शिकायला मिळालं, आणि ज्यांचं डायग्नोसिस नुकतंच झालंय किंवा जे थेरपी सुरू करू की नको या विचारात अडकलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या, तुम्ही नाटकं करत नाही आहात. काही लोकांच्या भावना मुळातच पटकन उसळतात, जोरात उसळतात आणि खाली यायला इतरांपेक्षा जास्त वेळ घेतात. त्यात लहानपणापासून "एवढ्याशा गोष्टीला काय रडायचं" हेच ऐकत वाढलात तर आपल्याला नक्की काय होतंय ते ओळखायलाच आपण शिकत नाही, मग एकतर सगळं गिळून टाकतो नाहीतर स्फोट होतो. मार्शा लिनेहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच समजुतीवर डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी उभी केली, त्यांचं उपचाराचं मॅन्युअल 1993 साली आलं. 2011 मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात दाखल होत्या. मला हे कळलं तेव्हा फार धीर आला होता.

थेरपिस्ट शोधताना पहिल्याच भेटीत सरळ विचारा, लाजू नका. डीबीटीचं ट्रेनिंग घेतलंय का? स्किल्सचा, म्हणजे भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारा ग्रुप आहे का? दोन सेशनच्या मधे अडचण आली तर फोन चालेल का? पूर्ण डीबीटीमध्ये आठवड्याला एक वैयक्तिक सेशन, वेगळा स्किल्स ग्रुप, मधल्या काळात फोनवर मदत आणि थेरपिस्टची स्वतःची टीम असं सगळं असतं, आणि ते साधारण वर्षभर चालतं. हे सगळं प्रत्येकाला मिळत नाही, परवडत पण नाही. स्कीमा थेरपी (लहानपणापासून मनात बसलेल्या समजुतींवर काम करणारी) आणि मेंटलायझेशनवर, म्हणजे स्वतःच्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्यावर आधारलेली थेरपी यांचाही बीपीडीत चांगला उपयोग होतो, त्यामुळे डीबीटी नाही मिळाली तर थांबून राहू नका. गोळ्यांचं म्हणाल तर खास बीपीडीसाठी मंजूर झालेलं औषध नाहीये, सोबत डिप्रेशन किंवा झोपेचा त्रास असेल तर डॉक्टर त्यासाठी देतात, आणि चालू असलेली गोळी मनाने बंद करायची नाही.

आता मुख्य मुद्दा. भावनेला शून्य ते शंभर आकडा द्यायला शिका, कारण कुठलं स्किल कधी वापरायचं हे त्या आकड्यावर ठरतं. बरेच जण इथेच हरतात, नव्वदवर असताना विचार बदलायला बघतात, तो बदलत नाही, आणि मग "माझ्यावर थेरपी चालत नाही" म्हणून सोडून देतात. नव्वदवर फक्त शरीराची भाषा चालते. मोठ्या भांड्यात गार पाणी घ्या, श्वास रोखा आणि चेहरा, खास करून डोळे आणि गालांचा भाग, जास्तीत जास्त तीसेक सेकंद पाण्यात धरा, याने हृदयाचे ठोके खरोखर मंदावतात. (हृदयाचा त्रास, बीपी किंवा खाण्याचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) ते नको असेल तर दमेपर्यंत जोरात चाला किंवा जिने चढा, मग श्वास घेताना चार आणि सोडताना सहा मोजा. यातून भांडण मिटणार नाहीये, पण पुढची वीस मिनिटं तुम्ही असं काही करणार नाही ज्याने प्रकरण अजून चिघळेल, आणि तेवढंच हवंय. त्या वेळात मेसेज टाइप करायचा नाही, ब्लॉक करायचं नाही, "संपलं सगळं" म्हणायचं नाही.

आकडा पन्नासच्या खाली आला की मग विचारांचं काम. जे घडलं ते साखळीसारखं एकेक कडी करून तपासायचं, थेरपीत याला चेन अॅनालिसिस म्हणतात आणि सुरुवातीला ते कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारं तेच आहे. समजा मैत्रिणीला विचारलं "शनिवारी भेटूया का" आणि तिने नुसतं "बघू" लिहिलं, आणि रात्री तुम्ही तिला दहा मेसेज टाकून मैत्री तोडलीत. कागद घ्या आणि एकेक कडी लिहा. आदल्या रात्री झोप किती झाली होती? चार तास, सकाळपासून पोटात काही नव्हतं. ठिणगी कुठली? "बघू". पहिला विचार? हिला मी नकोशी झालेय. शरीरात काय झालं? छातीत दाब, हात गार. मग काय केलं? जुने चॅट उघडून पुरावे शोधत बसले, भीती वाढत गेली आणि तिचा राग झाला, मग मेसेज. पाठवल्यावर लगेच काय वाटलं? हलकं. तासाभराने? शरम. ते मधलं हलकं वाटणं आवर्जून लिहा, कारण त्याच्यासाठीच मन पुन्हा पुन्हा त्याच वाटेने जातं.

साखळी समोर आली की थेरपिस्टसोबत बघायचं की कुठली कडी तोडता आली असती. जेवण? जुने चॅट न उघडणं? मग तथ्यं तपासायची, तिने काय लिहिलं आणि मी त्यात काय भरलं, हे दोन रकान्यांत वेगळं मांडायचं. भावना तथ्यांशी जुळत असेल, म्हणजे मैत्रीण खरंच टाळतेय, तर प्रश्न सोडवायचा, तिच्याशी स्पष्ट बोलायचं. जुळत नसेल तर भावना जे करायला सांगतेय त्याच्या उलट करायचं, आणि अर्धवट नाही. भीती म्हणते संबंध तोड, तर साध्या आवाजात फोन करून विचारायचं, "रविवारी जमेल का?" तोंड वाकडं करून टोमणा मारत विचारलंत तर ते उलट करणं नाही झालं.

हे सगळं बरं वाटत असताना करून ठेवावं लागतं, पुरात उतरून कोणी पोहायला शिकत नाही. रोज रात्री दोन मिनिटं डायरी कार्ड भरा, आजच्या भावना, स्वतःला इजा करायची ओढ किती होती, कुठलं स्किल वापरलं. चांगल्या दिवशी पण भरा. झोप, जेवण, दारू, आजारपण यांची नोंद ठेवा, थेरपीत याबद्दल विचारतात तेव्हा किरकोळ वाटतं पण अर्ध्या साखळ्या तिथूनच सुरू होतात.

थेरपिस्टचा राग येणारच. ती सुट्टीवर जाईल, एखादं वाक्य लागेल आणि वाटेल की ही पण तसलीच निघाली. त्या आठवड्यात सेशन चुकवू नका, जाऊन तोंडावर सांगा की मला राग आलाय आणि सोडून जावंसं वाटतंय. नात्यात राग आला तरी नातं टिकतं हा अनुभव तिथे पहिल्यांदा मिळतो. (डीबीटीत सलग चार सेशन चुकवली तर प्रोग्रॅममधून बाहेर काढतात, हा नियम कडक आहे पण मला तो योग्य वाटतो.)

जीव द्यायचे विचार येत असतील तर पहिल्याच सेशनमध्ये सांगा आणि संकटाच्या वेळचा प्लॅन कागदावर लिहून घ्या, कोणाला फोन करायचा, कुठल्या हॉस्पिटलला जायचं, घरातल्या कुठल्या वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यायच्या. आणि तो विचार आत्ता, हे वाचताना जोरात असेल तर वाचन इथेच थांबवा, जवळच्या माणसाला हाक मारा किंवा इमर्जन्सीला जा.

किती दिवसांत फरक पडेल असं सगळेच विचारतात. दहा दहा वर्षं पेशंटना फॉलो करणाऱ्या अभ्यासांत दिसलंय की बहुतेकांमध्ये पुढे बीपीडीचे निकष लागू होईनासे होतात, नोकरी आणि नाती सावरायला मात्र त्याहून जास्त वेळ लागतो. मधल्या काळात "मला राग आला का" हे मोजू नका, तो येणार. नव्वदवरून चाळीसवर यायला किती वेळ लागला ते डायरी कार्डच्या कोपऱ्यात लिहा, आणि दर महिन्याला जुनी कार्डं काढून थेरपिस्टसोबत तो आकडा बघा.