सोलापूरहून स्लोव्हेनिया: टूर कंपनीशिवाय सहल कशी आखावी

युरोप म्हटलं की आपल्याकडे अजूनही पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम एवढीच यादी निघते. दहा दिवसांत सहा देश, रोज पहाटे बॅगा बसमध्ये आणि दुपारी ‘वीस मिनिटांत फोटो काढून या’. ज्यांना हे नको आहे, त्यांनी स्लोव्हेनियाचा विचार करावा. क्षेत्रफळ सुमारे २०,२७० चौरस किलोमीटर, म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या दीडपटही नाही. लोकसंख्या साधारण २१ लाख, आपल्या जिल्ह्याच्या निम्मी. एवढ्याशा जागेत आल्प्सची शिखरं, तळी, जमिनीखालच्या प्रचंड गुहा आणि एड्रियाटिक समुद्राचा छोटासा किनारा आहे. १९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून बाहेर पडलेला हा देश २००७ पासून युरो वापरतो आणि शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) बघता येतो.

आधी मार्ग, मग व्हिसा

व्हिसाच्या फाइलला दिवसावार कार्यक्रम जोडावा लागतो, म्हणून सुरुवात कागदावर मार्ग आखण्यापासून करा. नऊ-दहा दिवस पुरतात. मे अखेर ते जून किंवा सप्टेंबर हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ब्लेड या तळ्याकाठच्या गावाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि खोल्यांचे भावही चढतात.

मुक्कामाची दोनच ठिकाणं धरा: राजधानी ल्युब्लियाना आणि डोंगरातलं एक गाव. रोज बॅग भरायची गरज नाही, कारण बहुतेक ठिकाणी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

डोंगरात सगळे ब्लेडला राहतात. माझं मत विचाराल तर बोहिंयला राहा. ब्लेडचं तळं, त्यातलं बेट आणि बेटावरच्या चर्चच्या ९९ पायऱ्या एका दिवसात आरामात होतात. तळ्याभोवतीचा फेरा सुमारे सहा किलोमीटरचा, सपाट वाटेचा. सकाळी लवकर निघालात तर गर्दीच्या आधी पूर्ण होतो. बोहिंयचं तळं त्याहून मोठं, त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात आहे आणि संध्याकाळी तिथे शांतता असते.

गुहांपैकी पोस्तोयना की श्कोत्स्यान? सोबत आई-वडील असतील तर पोस्तोयना. तिथे आत छोटी रेल्वे नेते; १८७२ पासून गुहेत रूळ आहेत. गुडघे धड असतील तर श्कोत्स्यान, कारण तिथे पायऱ्या भरपूर आहेत. पण जमिनीखाली खोल दरीतून नदी घोंघावत जाते आणि आपण वरच्या पुलावरून ती ओलांडतो. १९८६ पासून ही गुहा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पोस्तोयनाच्या आत बाराही महिने साधारण १० अंश तापमान असतं. सोलापूरच्या उन्हाळ्यातून निघताना स्वेटर भरणं वेडेपणाचं वाटेल, तरी भरा.

सोलापूरकरांनी एक दिवस इद्रिया या खाणीच्या गावासाठी राखावा, असा माझा आग्रह आहे. टूरवाले तिथे सहसा फिरकत नाहीत. १४९० मध्ये इथे पारा सापडला आणि पुढे पाचशे वर्षं ही खाण चालली. स्पेनमधल्या आल्मादेननंतर जगातली दुसरी मोठी. पुरुष खाणीत, तर बायका घरी उशीवर लाकडी रिळं फिरवत लेस विणायच्या. लेस शिकवणारी तिथली शाळा १८७६ पासून चालू आहे. नवरा गिरणीत आणि बायको घरी विड्या वळतेय, हे चित्र ज्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय, त्याला हे गाव समजावून सांगावं लागत नाही. खाणीत उतरून बघता येतं, लेसही बघायला मिळते.

व्हिसाची फाइल

खरी मेहनत इथेच आहे. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. विमान व्हेनिसला उतरत असलं तरी रात्री स्लोव्हेनियात जास्त असतील तर अर्ज स्लोव्हेनियाचाच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, किमान १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो. पण अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, म्हणून अडीच-तीन महिने आधी हालचाल करा. मोठ्या माणसाची फी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांची ४५, शिवाय व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पासपोर्ट परतीनंतर आणखी तीन महिने तरी वैध असावा आणि दहा वर्षांपेक्षा जुना नसावा.

बँकेचं स्टेटमेंट हा कळीचा कागद. खात्यात नेहमीची ये-जा दिसली पाहिजे. अर्जाच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून आलेले तीन लाख तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत. नोकरी असेल तर रजेचं पत्र, स्वतःचा धंदा असेल तर गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी, जीएसटीची कागदपत्रं आणि आयकर विवरणपत्रं जोडा. आणखी एक: आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग. आपल्या गावात तेलुगू, कन्नड, मराठी आडनावं तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेली सापडतात. पासपोर्टवरचं स्पेलिंग प्रमाण धरून बाकीचे कागद आधी दुरुस्त करून घ्या.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. मुंबईची सकाळची वेळ मिळाली तर रात्रीची सिद्धेश्वर पकडावी. मात्र गाडी उशिरा पोचू शकते, तेव्हा अपॉइंटमेंट दहाच्या पुढचीच घ्या.

विमान आणि तिथला प्रवास

भारतातून ल्युब्लियानाला थेट विमान नाही. मुंबईहून इस्तंबूलमार्गे जाता येतं. नाहीतर व्हेनिस, झाग्रेब किंवा व्हिएन्नाला उतरून बस-रेल्वे. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये असल्याने झाग्रेबसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. या तिन्ही ठिकाणांचे दर बघून मगच ठरवा. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

देशांतर्गत फिरायला बस सर्वांत सोयीची: ल्युब्लियाना ते ब्लेड सव्वा तासाच्या आसपास, बोहिंय दोन तास. रविवारी फेऱ्या कमी होतात. गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून न्या, महामार्गासाठी लागणारी ई-विन्येता (ऑनलाइन टोल-पास) गाडीवर आहे का ते विचारा आणि स्टिअरिंगचं चाक डावीकडे असतं हे विसरू नका. ल्युब्लियानाच्या मध्यभागी २००७ पासून गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे शहरात असेपर्यंत गाडी घेण्यात अर्थ नाही.

खाणंपिणं

पाणी विकत घेऊ नका, नळाचं प्या. पिण्याच्या पाण्याचा हक्क त्यांनी २०१६ मध्ये राज्यघटनेतच घातला आहे. काही दिवसांआड नळाची वाट बघणाऱ्यांनी यावर काय बोलायचं!

शाकाहाऱ्यांनी ‘ब्रेझ मेसा’ (मांसाशिवाय) हे दोन शब्द पाठ करावेत. साधी दिसणारी कोबी-घेवड्याची घट्ट आमटी ‘योटा’ पुष्कळदा डुकराच्या मांसासकट येते. चीज भरून उकडलेले श्त्रुक्ली चांगले लागतात, पण त्यात अंडं असू शकतं; ब्लेडच्या प्रसिद्ध क्रीम केकमध्ये तर असतंच. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि बॅगेत कडक भाकरी व शेंगाचटणी टाका. दोन्ही कोरडं, आठवडाभर टिकणारं. तूप आणि पेढे मात्र घरीच ठेवा: युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. बहुतेक मोठी दुकानं रविवारी बंद असतात, तेव्हा दूध, दही, भाजी शनिवारी संध्याकाळीच आणून ठेवा.