जुलैचा रोस्टर मागा, जानेवारीची पेस्लिप मागा: ब्रिटनच्या हॉलिडे एअरलाइनमध्ये पायलट व्हायचंय त्यांच्यासाठी

रविवारी माझ्या मावसभावाच्या मुलीचा फोन आला. लेस्टरला वाढलेली पोरगी, लायसन हातात पडलंय, म्हणाली काका एका हॉलिडे एअरलाइनची जाहिरात आलीये, पगार मस्त दिसतोय, टाकू का अर्ज? दीड तास बोललो आम्ही. मग वाटलं हे एकदा लिहूनच काढावं, कारण दर सीझनला आपलं कोणीतरी पोर हेच विचारतं, कधी इथलं, कधी पुण्या-नाशिकहून इथे आलेलं. मी अकरा वर्षं याच कामात आहे, आधी फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक, आता कॅप्टन, त्यामुळे जे सांगतोय ते स्वतः भोगलेलं आहे.

आधी हे डोक्यात घ्या की हॉलिडे एअरलाइनचं वर्ष सरळ नसतं. जेट२, टूई यांचा धंदा मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होणाऱ्या समर सीझनवर चालतो, तो ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत. पाल्मा, अलिकांते, फारो, कॉर्फू, अंताल्या, सगळी ब्रिटिश जनता उन्हात जाऊन पडते. हिवाळ्यात उरतं काय, तर कॅनरी बेटं आणि साल्झबर्ग, इन्सब्रुकसारखी स्कीइंगवाली विमानं. टूईकडे लांब पल्ल्याचं बोइंग ७८७ आहे त्यामुळे कॅरिबियनसारखं लांबचं पण आहे, पण जवळच्या मार्गांच्या बोइंग ७३७ वर असाल तर तुमचा जुलै आणि तुमचा जानेवारी या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत असं समजा. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, जाहिरातीतला वार्षिक आकडा बाजूला ठेवा, तिथे आधीच काम करणारा कोणी शोधा आणि त्याच्याकडून दोनच गोष्टी बघायला मागा: त्याचा मागच्या जुलैचा रोस्टर, म्हणजे महिनाभराच्या ड्युट्यांचं वेळापत्रक, आणि मागच्या जानेवारीची पेस्लिप. लोक दाखवतात, नाव झाकून का होईना पण दाखवतात.

आता रोस्टर कसा वाचायचा ते सांगतो, कारण सगळा खेळ तिथे आहे. कायद्याची चौकट युरोपातून आलेली आहे आणि ब्रेक्झिटनंतर ब्रिटनने ती तशीच ठेवली. २८ दिवसांत १०० तास उड्डाण, कॅलेंडर वर्षात ९००, सलग १२ महिन्यांत १०००. ड्युटी म्हणजे विमानात नसलेला वेळ धरून ७ दिवसांत ६० तास, १४ दिवसांत ११०, २८ दिवसांत १९०. महिन्यात किमान ७ आणि वर्षात किमान ९६ दिवस सुट्टी. ऐकायला भरपूर वाटतं, पण हॉलिडे एअरलाइनचा पायलट जुलैमध्ये या भिंतींना खेटून उडतो, मी स्वतः ८०-९० तास सहज केलेत, आणि जानेवारीत ३० सुद्धा झालेले नाहीत.

एक दिवस जवळून बघू. मँचेस्टर ते टेनेरिफे आणि परत. रिपोर्ट, म्हणजे कामावर हजर व्हायची वेळ, पहाटे ५:१५, म्हणजे गजर ३ च्या आधीचा, कारण स्टाफ पार्किंगपासून बस, बसनंतर सिक्युरिटी, मग क्रू रूम. विमान ६:१५ ला हलतं, जायला साडेचार तासांच्या वर, कॅनरी बेटांवर घड्याळ ब्रिटनचंच त्यामुळे तेवढी डोकेदुखी नाही, तिथे तासभर थांबून साफसफाई, इंधन, बोर्डिंग, आणि परत येऊन गेटला लागेपर्यंत दुपारचे ४:१५. झाले ११ तास. ५:१५ च्या रिपोर्टला दोन सेक्टरसाठी (एक उड्डाण म्हणजे एक सेक्टर) कायद्याने कमाल १२ तास १५ मिनिटं मिळतात, म्हणजे हातात उरला फक्त सव्वा तास. फ्रान्सच्या एटीसीचा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांचा, संप असला की तो सव्वा तास जमिनीवर उभ्या उभ्याच संपतो. मग कॅप्टनला विचारतात की डिस्क्रेशन वापरणार का, म्हणजे मर्यादा स्वतःच्या अधिकारात वाढवणार का, जास्तीत जास्त दोन तास वाढवता येतं, पण तो निर्णय फक्त कॅप्टनचा, ऑपरेशन्सचा नाही, हे नव्या पोरांनी पाठ करून ठेवा. तुम्हाला झोप अनावर होत असेल तर फर्स्ट ऑफिसर म्हणून तोंड उघडून सांगायचं, लाज वाटून घ्यायची नाही.

वेळांचं कोष्टकही समजून घ्या. सकाळी ६ ते दुपारी १:२९ मध्ये रिपोर्ट असेल तर दोन सेक्टरला १३ तास, संध्याकाळी ५ नंतर रिपोर्ट असेल तर फक्त ११, आणि दोनच्या पुढे प्रत्येक सेक्टरला अर्धा तास कमी. घरच्या बेसवर, म्हणजे तुमच्या नेमणुकीच्या विमानतळावर, ड्युटीनंतर विश्रांती किमान १२ तास किंवा आधीच्या ड्युटीएवढी, जे जास्त असेल ते. म्हणजे त्या टेनेरिफेनंतर संध्याकाळी ४:४५ ला सुटलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे ४:४५ चा रिपोर्ट कायद्यात बसतो! त्या १२ तासांत घरी जाणं, जेवण, पोरांशी दोन शब्द, झोप आणि परत विमानतळ, सगळं आलं. कायदेशीर आणि माणसाला झेपणारं यात फरक आहे आणि तो फरक तुम्हाला जुलैच्या रोस्टरमध्येच दिसेल, कॉन्ट्रॅक्टमध्ये नाही.

त्यामुळे रोस्टर हातात आला की पेन घेऊन तीन गोष्टींवर गोल करा. पहिलं, पहाटेचे रिपोर्ट, उशिरा सुटणं आणि रात्रीच्या ड्युट्या एका सुट्टीपासून पुढच्या सुट्टीपर्यंत किती आहेत. चार किंवा जास्त झाल्या तर पुढची मोठी विश्रांती एरवीच्या ३६ तासांऐवजी ६० तासांची द्यावी लागते, आणि काही ठिकाणी बरोब्बर तीनवर थांबलेलं दिसतं, ते दिसलं की समजून जा प्लॅनिंग कसं चालतं. दुसरं, रात्रीतून पहाटेवर उडी कशी मारलीये, मध्ये घरी एक पूर्ण रात्र हवीच हवी. कॉर्फूहून पहाटे ३ ला उतरलेला माणूस दोन दिवसांनी पहाटे ५ ला हजर, हे कागदावर चालतं पण शरीर आठवडाभर हिशोब मागतं. तिसरं स्टँडबाय, म्हणजे बोलावलं तर निघायच्या तयारीत थांबणं. घरचा स्टँडबाय १६ तासांपर्यंत असू शकतो, सहा तासांनंतर बोलावलं तर वरचा वेळ उड्डाणाच्या मर्यादेतून वजा होतो. स्टँडबायवरून किती वेळा खरंच उचलतात ते विचारा, दर वेळी उचलत असतील तर माणसं कमी आहेत.

फिक्स्ड पॅटर्न आहे का तेही बघा. ५ दिवस काम ४ दिवस सुट्टी असं ठरलेलं असेल तर बहिणीच्या मुलाच्या मुंजीचं तिकीट सहा महिने आधी काढता येतं. नसेल तर गणपतीत सुट्टी मागायची म्हणजे लॉटरी, कारण ऑगस्ट-सप्टेंबर हा इथला ऐन हंगाम. मी पहिल्या सहा वर्षांत एकदाही गणपतीला घरी गेलो नाही, आईने फोनवर आरती ऐकवायची आणि मी क्रू रूमच्या बाहेर उभा राहून ऐकायची. हे आधी माहीत असू दे म्हणून सांगतो.

बरं, पैसे. पगाराचे तुकडे करा: बेसिक, सेक्टर पे किंवा ड्युटी पे, पेन्शन, लॉस ऑफ लायसन इन्शुरन्स (तब्येतीमुळे लायसन गेलं तर पैसे देणारा विमा). बेसिक बाराही महिने येतो, सेक्टर पे उडालात तरच. जाहिरातीत बऱ्याचदा दोन्हीची बेरीज छापतात. समजा बेसिक ६०,००० पाउंड आहे, आकडा फक्त हिशोबासाठी. १२,५७० पर्यंत टॅक्स नाही, तिथून ५०,२७० पर्यंत २० टक्के म्हणजे ७,५४०, वरच्या ९,७३० वर ४० टक्के म्हणजे ३,८९२. नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी, त्याच टप्प्यांवर ८ टक्के आणि वर २ टक्के मिळून साधारण ३,२१०. हातात उरले ४५,३५७ च्या आसपास, महिन्याला ३,७८०, तेही पेन्शन कापायच्या आधी. हा तुमचा जानेवारी. घराचा हप्ता किंवा भाडं या आकड्यावर ठरवा, जुलैच्या आकड्यावर ठरवलंत तर फेब्रुवारीत क्रेडिट कार्ड बाहेर येतं. ग्लासगो किंवा एडिनबरा बेस असेल आणि तिथेच राहणार असाल तर स्कॉटलंडचे टॅक्सचे टप्पे वेगळे आहेत, तो हिशोब वेगळा करा.

पुढे कॅप्टन झालात की १,००,००० पाउंडच्या वरचा सापळा लागतो. तिथून १,२५,१४० पर्यंत दर दोन पाउंडामागे टॅक्स-फ्री रकमेतला एक पाउंड जातो, म्हणजे त्या पट्ट्यात खरा टॅक्स ६० टक्के, वर २ टक्के इन्शुरन्स. शिवाय इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या पाळणाघराचे ३० मोफत तास आई-बापापैकी एकाचं उत्पन्न लाखाच्या वर गेलं की बंद. म्हणून बरेच कॅप्टन सॅलरी सॅक्रिफाइस करून जादा पैसे पेन्शनमध्ये टाकतात किंवा ७५ टक्के पार्ट-टाइम घेतात. पार्ट-टाइम मिळतं का आणि उन्हाळ्यात मिळतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा. अजून एक, सुट्टीवर असताना फक्त बेसिक देतात की उड्डाणाचा भत्ता धरून? ब्रिटिश एअरवेजच्या पायलटांच्या केसमध्ये युरोपियन कोर्टाने २०११ मध्ये सांगितलंय की कामाशी बांधलेला भत्ता सुट्टीच्या पगारात धरायला हवा. तरी पेस्लिपवर तपासा.

बॉन्डबद्दल, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर ट्रेनिंगचे पैसे परत द्यायच्या कराराबद्दल, मी जरा पोटतिडकीने बोलतो. टाइप रेटिंगचा, म्हणजे विशिष्ट प्रकारचं विमान उडवायच्या प्रशिक्षणाचा, खर्च कंपनी करते आणि तुम्हाला बांधून घेते, बहुतेक वेळा तीन वर्षं. परत द्यायचा तो आकडा महिन्यागणिक कमी होतो का हे वाचा, शब्दन् शब्द वाचा. माझ्या पहिल्या नोकरीत तो कमी होत नव्हता, मी नीट वाचलं नव्हतं, आणि वडिलांच्या आजारपणामुळे मुदत संपायला दोन महिने असताना सोडावं लागलं तेव्हा पूर्ण रक्कम मागितली. हप्त्याने फेडली. २४ व्या वर्षी नोकरीच्या आनंदात सही करताना कोणी वडीलधारं शेजारी असतं तर बरं झालं असतं. बाल्पा ही पायलटांची युनियन, मेंबर झालात तर तिथे कॉन्ट्रॅक्टबद्दल सल्ला मिळतो, सही करायच्या आधी घ्या.

कंपनीची तब्येतही बघायची. एक्सएल एअरवेज १२ सप्टेंबर २००८ ला बुडाली, मोनार्क २ ऑक्टोबर २०१७ ला, थॉमस कुक २३ सप्टेंबर २०१९ ला. महिने बघा. लोक सुट्टीचे पैसे आगाऊ भरतात, उन्हाळा संपला की हॉटेलवाल्यांची बिलं येतात आणि पुढचा हिवाळा कोरडा असतो, मोनार्कचं तर एटॉल (सुट्टीच्या पॅकेजच्या प्रवाशांना संरक्षण देणारी योजना) लायसनचं नूतनीकरणच अडलं होतं. एटॉल प्रवाशाला घरी आणतं, पायलटला पगार देत नाही. कंपनीचे हिशोब कंपनीज हाउस या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटवर फुकट बघायला मिळतात, हातात रोख किती, कर्ज किती आणि कर्मचाऱ्यांवरचा खर्च किती एवढं तरी वाचा.

आता भरती. समरसाठी माणसं लागतात म्हणजे ट्रेनिंग हिवाळ्यात, म्हणजे अर्ज आदल्या उन्हाळ्यात-शरदात. फेब्रुवारीत शोधायला लागलात तर उशीर झालेला असतो. टाइप रेटिंग, सिम म्हणजे सिम्युलेटर, मग खऱ्या रिकाम्या विमानात विमानतळाभोवती फेऱ्या मारून लँडिंग, मग लाइन ट्रेनिंग म्हणजे प्रवाशांच्या उड्डाणांवर प्रशिक्षण, हे सगळं ईस्टरच्या गर्दीआधी उरकायचं असतं. जेट२ ने गेल्या काही वर्षांत लिव्हरपूल, बोर्नमथ, ल्यूटन असे नवे बेस उघडले. नवा बेस उघडला की आतले सीनियर तिकडे बदली मागतात आणि जुन्या बेसवर जागा होतात, बातम्यांकडे त्या नजरेने बघा.

लायसन ब्रिटनच्या सीएएचंच, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाचंच, लागतं, युरोपचं आता चालत नाही. भारतातलं डीजीसीएचं सीपीएल (व्यावसायिक पायलट लायसन) असेल तर १३ पेपर, क्लास वन मेडिकल, स्किल टेस्ट हे परत आहेच, पेपरला ७५ टक्के पाहिजेत. आणि बहुतेक जाहिरातींत राइट टू वर्क, म्हणजे ब्रिटनमध्ये काम करायचा हक्क, आधीच हवा असतो, त्यामुळे पुण्यात बसून कर्ज काढून फक्त यूकेच्या नोकरीवर डोळा ठेवू नका, हे कळकळीने सांगतो. मुलाखतीत टेक्निकल येतं, ग्रुप एक्सरसाइज येते, सिम येतं. सिममध्ये शेजारच्याशी बोलत राहा, चूक झाली तर मोठ्याने सांगून दुरुस्त करा, ते हेच बघत असतात.

शेवटी कागदपत्रं, इथे आपली पोरं हमखास अडकतात. एअरपोर्ट आयडीसाठी मागच्या पाच वर्षांचा हिशोब द्यावा लागतो आणि २८ दिवसांपेक्षा मोठा खंड असेल तर तो कुठे गेला याचा पुरावा लागतो. आजीच्या आजारपणासाठी तीन महिने कोल्हापुरात होतात तर विमानाची तिकिटं, पासपोर्टचे शिक्के जपून ठेवा. त्या पाच वर्षांत भारतात सहा महिने किंवा जास्त राहिला असाल तर तिथलं पोलीस क्लिअरन्स लागतं, त्याचा अर्ज ऑफर लेटर आल्यावर करू नका. फोन करणाऱ्या माझ्या त्या पुतणीने तिचा हा अर्ज काल रात्रीच भरला.