नळाला मीटर लागल्यावर पाणीपट्टीचे गणित कसे मांडावे

नळजोडावर मीटर बसवून माणसे निघून गेली की घरात पहिला प्रश्न येतो तो बिल वाढणार की उतरणार, हा. आजवर आपण पाणीपट्टी कशाच्या आधारावर भरत होतो, घरात माणसे किती आहेत आणि टाक्या, फ्लश व जुने नळ यांतून किती पाणी कोणाच्याही उपयोगी न पडता वाहून जाते, या तीन गोष्टींवर त्याचे उत्तर ठरते. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नसतात. तिसरी मात्र मीटरचे पहिले बिल येण्याआधीच हाती घेता येते, आणि माझ्या अनुभवात बिलातला मोठा फरक तीच पाडते.

प्रथम जुनी पावती काढून बसावे. मीटर नसलेल्या नळाची आकारणी ठोक असते. काही गावांत ती नळजोडाच्या व्यासावर, म्हणजे अर्धा इंची की पाऊण इंची यावर ठरते, तर पुण्यासारख्या शहरात घरगुती पाणीपट्टी मिळकतीच्या करपात्र मूल्याशी जोडलेली राहिली आहे. दोन्ही पद्धतींत वापरलेल्या पाण्याचा आणि रकमेचा काही संबंध नसतो. मोठ्या बंगल्यात राहणारे निवृत्त जोडपे आणि दोन खोल्यांत राहणारे सात जणांचे एकत्र कुटुंब यांत ठोक पद्धतीचा फायदा अर्थातच दुसऱ्याला मिळतो. मीटर आला की पारडे फिरते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना विचारले तर ते सांगतील की तिथे घरात माणसांपेक्षा झोपण्याच्या खोल्या जास्त असतील तर मीटर परवडतो, असा ठोकताळाच आहे, आणि तिथे स्वतःहून मीटर मागून घेतलेल्या ग्राहकाला साधारण दोन वर्षांच्या आत जुन्या पद्धतीकडे परतही जाता येते. आपल्याकडच्या योजनांत मीटर हा सहसा निवडीचा विषय नसतो. तो सगळ्या भागाला एकदम लागतो, त्यामुळे परतीचा विचार सोडून पुढचे गणित केलेले बरे.

मीटर पाणी घनमीटरमध्ये मोजतो. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर, आणि बिलावर त्यालाच एक युनिट किंवा एक किलोलिटर म्हटलेले असते. तबकडीवरचे काळे आकडे पूर्ण घनमीटर दाखवतात, तर लाल आकडे किंवा लाल काटे त्याखालचे लिटर दाखवतात. काळ्यात ००३४७ आणि लालमध्ये ६१८ असेल तर आपण आजवर ३,४७,६१८ लिटर पाणी घेतलेले असते, पण बिलासाठी ३४७ हाच आकडा धरून त्यातून मागच्या वेळचा आकडा वजा करतात. तबकडीच्या मध्यावर एक छोटी चांदणी किंवा त्रिकोणी चकती असते. ती अगदी बारीक धारेनेही फिरते, आणि गळती पकडायला तिच्यासारखा दुसरा साक्षीदार नाही.

आता वापराचा अंदाज. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. चार माणसांचे घर या हिशेबाने ३० दिवसांत १६,२०० लिटर, म्हणजे १६.२ युनिटे पाणी वापरते. दोघांच्या घराला ८.१ आणि सात जणांना २८.३५ युनिटे लागतात. आपले घर या प्रमाणात बसते की नाही, हे मात्र मोजूनच पाहावे. जमिनीखालची टाकी चौकोनी असेल तर हे काम सोपे आहे: दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद टाकीतली पातळी दहा सेंटिमीटर उतरली की ३०० लिटर गेले. नळाला पाणी नसते त्या वेळात, मोजपट्टी बांधलेली काठी सोडून दोन-तीन दिवस नोंद केली की घराचा खरा आकडा हाती येतो.

यानंतर दरपत्रक पाहावे, कारण नवख्या ग्राहकाची खरी फसगत येथे होते. मीटरचे दर बहुतेक ठिकाणी टप्प्याटप्प्याने चढणारे, म्हणजे टेलिस्कोपिक असतात. कराडला लागून असलेल्या मलकापूरने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी दिले तेव्हा प्रत्येक नळाला मीटर बसवून असेच चढते दर लावले होते, आणि नागपुरातही घरगुती दरांना टप्पे आहेत. मुंबईत माणशी रोज १५० लिटरपर्यंत मूळ दर लागतो आणि त्यापुढच्या पाण्याला टप्प्यागणिक दुप्पट, तिप्पट, चौपट दराने पैसे पडतात.

गणित कळावे म्हणून एक काल्पनिक दरपत्रक घेऊ. महिन्याला पहिल्या १५ युनिटांना ८ रुपये, त्यापुढे २० पर्यंत १२ रुपये, २५ पर्यंत २० रुपये आणि त्यावर ३० रुपये असा दर असून मीटरभाडे ३० रुपये आहे, असे समजा. जुनी ठोक पाणीपट्टी वर्षाला २,४०० रुपये, म्हणजे महिना २०० रुपये होती, असेही धरू. चार माणसांच्या घराचे १६.२ युनिटांचे बिल पाण्याचे १३४ रुपये ४० पैसे आणि भाडे मिळून १६४ रुपये ४० पैसे होते. या घराचा थोडा फायदाच झाला. दोघांचे बिल ९४ रुपये ८० पैशांवर येते. सात जणांच्या घराला मात्र ४१० रुपये ५० पैसे भरावे लागतात, म्हणजे जुन्याच्या दुपटीहून अधिक. दरडोई पाहिले तर हे सात जण इतरांइतकेच पाणी वापरतात, तरीही वरच्या टप्प्यांचे दर त्यांनाच लागतात, हा मोठ्या कुटुंबांवर अन्याय आहे असे माझे मत आहे. टप्पे नळजोडामागे न ठरवता माणशी ठरवावेत, ही मागणी रास्त आहे. एका मिळकतीत खरोखर दोन चुली असतील तर दोन स्वतंत्र नळजोड मिळतात का, याची चौकशी पाणीपुरवठा विभागात अवश्य करावी.

दरपत्रकात आणखी एक बारकावा शोधावा. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, की मर्यादा ओलांडताच सगळ्या पाण्याला लागतो? आपल्या काल्पनिक दरांत २०.५ युनिटांचे बिल, मीटरभाडे सोडून, पहिल्या पद्धतीने १९० रुपये होते, आणि दुसऱ्या पद्धतीने ४१० रुपये. दिल्लीत २०१५ मध्ये सुरू झालेल्या सवलतीचे स्वरूप या दुसऱ्या प्रकारचे होते: महिना २० किलोलिटरपर्यंत पाणी फुकट, पण त्यापुढे गेले की सगळ्या पाण्याचे पैसे. अशा ठिकाणी मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे असणाऱ्या घराने महिन्याच्या विसाव्या दिवशी मीटर पाहण्याची सवय ठेवलीच पाहिजे. बिल दोन किंवा तीन महिन्यांचे असेल तर टप्पेही तितक्या पटीने वाढवलेले हवेत, आणि रीडिंग साठऐवजी सत्तर दिवसांनी घेतले असेल तर टप्पे सत्तर दिवसांचे धरले आहेत की नाही, हे तपासावे.

आता गळती. आमच्या घरी मीटर आल्यावर पहिले काही आठवडे मी आकडा नुसता लिहून ठेवत होतो, आणि तो घरातल्या माणसांच्या मानाने फारच पुढे पळत होता. एका रात्री अकरा वाजता गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत येणारे पाणी बंद केले, पातळीवर खडूने खूण केली आणि पहाटे पाचला पुन्हा जिना चढलो. पाणी नऊ सेंटिमीटर उतरले होते, म्हणजे सहा तासांत साधारण ८५ लिटर गेले होते, आणि घरात तर सगळे झोपलेले होते. फ्लशच्या टाकीत निळीचे चार थेंब टाकले तेव्हा दहा मिनिटांत भांड्यात निळसर ओघळ दिसू लागला. आतला रबरी वॉशर कडक झाला होता. ना आवाज, ना ओल. हीच गळती दिवसाला ३४० लिटर, महिन्याला १०.२ युनिटे होते. वरच्या चार माणसांच्या घरात ती मिळवली तर बिल १६४ रुपये ४० पैशांवरून ३५२ रुपयांवर जाते. म्हणजे चार जणांच्या महिन्याभराच्या पाण्याला १३४ रुपये आणि एका वॉशरला १८७ रुपये. असे होते, कारण गळतीचे पाणी हिशेबात सगळ्यात शेवटी, महागड्या टप्प्यांत जाऊन बसते.

म्हणून गळतीची तपासणी तीन भागांत करावी. मीटरपासून जमिनीखालच्या टाकीपर्यंतचा भाग पाहायचा तर नळाला पाणी असताना ती टाकी काठोकाठ भरू द्यावी आणि मग मीटरची चांदणी पाहावी. ती अजून फिरत असेल तर टाकी भरल्यावर पाणी आपोआप बंद करणारा बॉल कॉक नीट बसत नाही किंवा मधला पाइप फुटला आहे. जमिनीखालच्या टाकीची तपासणी मोटर बंद ठेवून रात्रभर पातळी पाहून होते. जुन्या विटांच्या टाक्या तळातून पाझरतात, आणि त्याचा पत्ता वर्षानुवर्षे लागत नाही. गच्चीच्या टाकीपासून नळापर्यंतचा भाग मी वर सांगितल्याप्रमाणे तपासावा. ओव्हरफ्लोचा पाइप गच्चीच्या कोपऱ्यात अशा जागी सोडलेला असतो की वाहिलेले पाणी कोणाला दिसत नाही. तो समोर, येताजाता नजर पडेल असा वळवून घ्यावा. मीटरच्या पुढची गळती सहसा ग्राहकाच्या खात्यात धरली जाते, हे लक्षात ठेवूनच प्लंबरला बोलावण्याची घाई करावी.

वापर कमी करण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. घरोघरी चर्चा अंघोळीच्या बादलीची होते, पण एक वेळ बादली राहू द्यावी. जुना दहा-बारा लिटरचा फ्लश बदलून तीन आणि सहा लिटरची दोन बटणे असलेला बसवला, तसेच आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी भांडी व फरशीला वापरले, तर कोणाला गैरसोय न होता चांगली बचत होते.

मीटरच चुकतो आहे अशी शंका आली तर आधी स्वतः चाचणी घ्यावी. दोनशे लिटरचे पिंप मीटरच्या पुढच्या पहिल्या नळावर भरून, बाकी सारे बंद ठेवून, आधीचा व नंतरचा आकडा पाहावा. घरगुती मीटरसाठीच्या आयएस ७७९ या भारतीय मानकात नेहमीच्या प्रवाहाला दोन टक्के चूक चालते, म्हणून आकडा १९६ ते २०४ लिटरच्या दरम्यान यावा. ठरावीक वेळेलाच पाणी येणाऱ्या गावात आणखी एक त्रास होतो: पाणी सोडल्यावर नळातून आधी हवा येते, आणि त्या हवेनेही मीटर गरगर फिरतो. पाणी येण्याच्या वेळी या फिरण्याचे मोबाइलवर चित्रण करून अर्जासोबत जोडावे आणि वाहिनीवर हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह बसवण्याची मागणी शेजाऱ्यांच्या सह्यांनी करावी. एकट्याच्या तक्रारीला वजन येत नाही. मीटर बंद पडल्यास सरासरीचे बिल येते आणि ते महिनोन्महिने येत राहते, म्हणून बंद मीटरची लेखी सूचना लगेच देऊन पोच घ्यावी.

पहिले बिल हाती आले की त्यातली अनामत, मीटरची किंमत आणि मागील थकबाकी वेगळी काढूनच तुलना करावी, नाहीतर आकडा उगाच भीतिदायक दिसतो. मिळकतकराच्या बिलातली जुनी ठोक पाणीपट्टी खरोखर वगळली गेली आहे का, हेही पाहावे. येथे नावांचा गोंधळ होतो. मुंबईत मीटर असलेल्या मिळकतीलाही जललाभ कर हा मालमत्ता कराचा भाग म्हणून सहसा भरावा लागतो. तो वापरलेल्या पाण्याचा आकार नव्हे, त्यामुळे तो पाहून दुहेरी आकारणीची तक्रार करण्यात अर्थ नसतो. मलनिःसारणाचा आकार पाण्याच्या आकाराच्या टक्केवारीत लावला जातो तिथे पाणी वाचले की तोही आपोआप उतरतो.

सोसायटीतल्या सदनिकाधारकाचे गणित जरा निराळे असते, कारण मीटर साऱ्या इमारतीला मिळून एकच असतो. अशा वेळी नळजोडाच्या नोंदीत सदनिकांची संख्या बरोबर आहे का, हे सचिवांनी पहिल्याच दिवशी तपासावे. सोळा सदनिकांचा वापर एका घराच्या टप्प्यांत मोजला गेला तर जवळजवळ सगळे पाणी सर्वांत वरच्या दराने आकारले जाईल. आलेल्या बिलाची वाटणी कशी करावी, हेही ठरलेले आहे: महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याचा खर्च प्रत्येक सदनिकेतील नळांची संख्या आणि आकार यांच्या प्रमाणात विभागायचा असतो. त्यामुळे एखाद्या घराने काटकसर केली तरी तिचा लाभ त्याच्या बिलात दिसत नाही, आणि मग प्रत्येक सदनिकेला वेगळा मीटर बसवावा अशी मागणी सभेत होते. ठराव करण्याआधी गच्चीवर जाऊन खाली उतरणारे पाइप मोजावेत. जुन्या इमारतींत स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांच्या उभ्या वाहिन्या वेगवेगळ्या असतात, म्हणून एका घराला तीन-चार मीटर लागतात आणि ते बसवायचे तर प्रत्येकाच्या घरातली फरशी किंवा भिंत फोडावी लागते. तोवर रोज सकाळी मोटर लावण्याआधी वॉचमनने मीटरचा आकडा फळ्यावर लिहावा, एवढी व्यवस्था लगेच करता येते.